घर जुन्या घाटाचे, सोय आजच्या काळाची

कोकणातील एका खाडीकाठच्या गावी आमच्या एका स्नेह्यांनी घर बांधावयास काढले. तीस वर्षे आखातात नोकरी करून परतलेले गृहस्थ. गाठीला मेहनतीची कमाई, मुलगे कमावते, आणि मनात एकच हौस की आजोबांच्या पडक्या घराच्या जागी असे घर उभे राहावे की रस्त्याने जाणाऱ्याने थांबून पाहावे. त्यांनी शहरातून काढून आणलेला नकाशा आमच्यापुढे पसरला. दर्शनी बाजूला दोन मजले उंचीचे चार गोल खांब, खांबांच्या माथ्यावर पानांची नक्षी, त्यावर त्रिकोणी कपाळपट्टी. आत मात्र सगळे आजच्या पद्धतीचे. पीओपीचे छत, त्यात लपविलेले दिवे, जिन्याला काचेचा कठडा, मॉड्युलर किचन. "बाहेरून क्लासिकल, आतून मॉडर्न," असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले.

तेथे गावातले एक वयोवृद्ध गवंडी बसले होते. आजोबांच्या घराची डागडुजी चाळीस वर्षे त्यांनीच केलेली. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "भाई, या चार खांबांवर भार कशाचा आहे?"

भार कशाचाच नव्हता. आत आरसीसीचा बारीक खांब आणि भोवती तयार मिळणारे गोल कवच, एवढाच तो मामला. कपाळपट्टीही साच्यात ओतून आणावयाची.

"मग चाचा, यात तुम्हाला काम काय?" असे आमच्या तोंडून निघून गेले.

"कवच चिकटवायला शहरातून पोरे येतील. मी पाया खणताना उभा राहीन," चाचा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण आम्हाला तो शब्द लागला. सामान्य माणूस आयुष्यभराच्या कमाईचा सर्वात मोठा खर्च घरावर करतो. त्याच खर्चावर आपले गवंडी, सुतार, खरादी, फरशी बसविणारे, रंगारी यांची चूल पेटते. तो पैसा तयार कवचांवर गेला तर मालकाला मिळतो देखावा आणि कारागिराला मिळते रोजंदारी. तेव्हा क्लासिकल म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेणे दोघांच्याही हिताचे आहे.

ग्रीकांच्या देवळांना खांब होते ते हौसेखातर नव्हते. दगडाची तुळई लांब अंतरावर टाकली तर मधोमध तडकते, म्हणून खांब जवळ जवळ उभे करावे लागत. पुढे कमान आली, घुमट आला, आणि दोन भिंतींतले अंतर वाढविता आले. जुन्या बांधकामातला प्रत्येक आकार असा एखाद्या अडचणीचे उत्तर म्हणून आला आहे. अडचण नाहीशी झाल्यावर आकार तेवढा उचलून आणला की त्याचे सोंग होते. आजच्या राहणीला जुना घाट देता येतो काय, असे विचाराल तर येतो, आणि त्याचा एक चांगला दाखला इजिप्तमध्ये आहे.

अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला समुद्रकाठी अगामी नावाची वस्ती आहे. तेथे १९७५ साली एका कुटुंबासाठी सुटीत राहावयाचे एक घर बांधून पूर्ण झाले. हलावा हाऊस या नावाने ते ओळखले जाते. वास्तुशिल्पी अब्देल वाहिद अल-वकील, जन्म १९४३ चा, म्हणजे त्या वेळी वय जेमतेम बत्तीस. त्या काळी तिकडच्या श्रीमंत वस्त्यांत काँक्रीट आणि काच यांचे बंगले उठत होते. यांनी भिंतींना चुनखडीचा दगड घेतला, मध्ये चौक ठेवला, चौकात कारंजे, बाजूला कमानींची ओसरी, वर वारा पकडणारे धुराड्यासारखे बांधकाम, खिडक्यांना लाकडी जाळी आणि बसावयास भिंतीतच बांधलेले ओटे. घर मात्र आजच्या कुटुंबाने आजच्या रीतीने राहण्याचे. कोणत्याही इमारतीची नक्कल त्यात नाही.

अल-वकील यांचे उस्ताद म्हणजे हसन फथी (१९०० ते १९८९). त्यांची हकीकत आमच्या गवंडी वाचकांना आवडेल. १९४१ साली महायुद्धामुळे लाकूड आणि लोखंड मिळेना, तेव्हा फथींनी कच्च्या विटांचे कमानी छत घालून पाहिले. छत कोसळले. विद्यापीठात शिकलेल्या या माणसाला कळून चुकले की आपल्याला आकार माहीत आहे, पण हात माहीत नाही. मग ते अस्वानजवळच्या नूबियन गवंड्यांकडे गेले. ते गवंडी खालून लाकडी आधार न देता छत घालीत. टोकाच्या भिंतीवर हाताच्या अंदाजाने कमानीची रेघ काढावयाची, पहिला थर त्या भिंतीला तिरपा टेकवावयाचा, दुसरा पहिल्याला टेकवावयाचा, आणि असे करीत पुढे सरकावयाचे. विटेत भुसा जास्त, म्हणजे वीट हलकी. आणि विटेच्या तोंडावर बोटांनी ओढलेल्या चरा, म्हणजे ओल्या चिखलाला ती घट्ट धरते. ही विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. बापाकडून मुलाकडे आलेली होती.

फथींनी पुढे लक्सरजवळ नवे गुर्ना हे गाव याच पद्धतीने बांधावयास घेतले, १९४५-४६ च्या सुमारास. गाव सुंदर होते, पण पुरे झाले नाही. ज्यांच्यासाठी ते होते त्या लोकांना आपली जुनी वस्ती सोडावयाची नव्हती. घुमट मजारीला शोभतो, राहत्या घराला नव्हे, अशीही टीका झाली. आम्हाला ही बाजू सांगणे जरूर वाटते, कारण जुन्या बांधकामाच्या प्रेमात पडलेले लोक ती गाळतात. ज्याला राहावयाचे त्याच्या मनात नसेल तर उत्तम घाटाचे घरही ओस पडते. हलावा हाऊसमध्ये मालकाची इच्छा, वास्तुशिल्प्याचा नकाशा आणि गवंड्याचा हात एका ठिकाणी आले.

त्या गवंड्याचे नाव अला अल-दीन मुस्तफा. आगाखान वास्तुकला पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले ते १९८० साली, लाहोरच्या शालिमार बागेत. त्यात हलावा हाऊस होते, आणि पुरस्काराच्या नोंदीत वास्तुशिल्प्याच्या शेजारी या उस्ताद गवंड्याचेही नाव आहे. आमच्या कारागीर बंधूंनी ही गोष्ट घरातल्या पोरांना सांगावी. आपल्याकडे बंगल्याच्या संगमरवरी पाटीवर मालकाचे नाव असते, कधी नकाशाकाराचेही असते. मिस्त्रीचे नाव असलेली पाटी आम्ही अजून पाहिलेली नाही.

चौक आणि वारा

जुन्या मुसलमानी घरांतला चौक हा नमुन्यादाखल उचलण्याजोगा आहे, कारण त्याचे काम अजून संपलेले नाही. कैरोमध्ये बैत अल-सुहैमी नावाचा जुना वाडा आहे, मूळ १६४८ चा, पुढे १७९६ मध्ये वाढविलेला. आज तो लोकांना पाहण्यासाठी खुला आहे. त्यात पुढे सावलीचा फरसबंदी चौक आणि मागे मोठी मोकळी बाग. दोहोंच्या मध्ये एक उघडी बैठक, तिला तख्तबोश म्हणतात. मागच्या बागेवर ऊन पडते, तेथली हवा तापून वर जाते. तिची जागा घ्यावयास पुढच्या सावलीतली थंड हवा बैठकीतून वाहते. यंत्र नाही, वीज नाही, आणि भर दुपारी बसणाऱ्याला झुळूक.

आपल्या जुन्या घरांत हेच वेगळ्या नावाने आहे. पुढे अंगण, मग ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि परसू. समोरासमोर दारे उघडली की वारा आरपार जातो. ही आपली स्वतःची क्लासिकल वास्तुकला. तिला ग्रीसचे खांब लागत नाहीत आणि कैरोचा घुमटही लागत नाही.

हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण इजिप्तची गोष्ट ऐकून आमच्या स्नेह्यांचे थोरले चिरंजीव लगेच घुमट बांधावयास तयार झाले! कैरोला पाऊस नावालाच. कोकणात चार महिने धो धो. तेथे घुमटावर आणि सपाट गच्चीवर पाणी मुरते, आणि वारा पकडणारे तोंड पश्चिमेला उघडे ठेवले तर वाऱ्याबरोबर पाऊसही घरात येतो. उतरते छप्पर, भिंतीच्या बरेच पुढे आलेल्या पागोळ्या आणि वर कौले, हेच तेथील शहाणपण. मंगलोरी कौलेसुद्धा मुळात नवीनच होती, बासेल मिशनच्या कारखान्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेली. आज आपण त्यांना जुने म्हणतो. चौक ठेवावयाचा तर वर पाणी वाहून नेणारी पन्हळ आणि खाली मोठी मोरी आधी आखावी, सौंदर्य मागाहून.

कैरोच्या घरातली आणखी एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी. त्यांचे प्रवेशद्वार सरळ आत उघडत नाही. दारातून आत आलेला माणूस एक वळण घेतो आणि मग चौकात येतो. हल्लीच्या नकाशांत मोठा एकसलग हॉल असतो. बेल वाजवून दार उघडले की परक्या माणसाला थेट स्वयंपाकघरापर्यंत दिसते, आणि मग घरातल्या बायका दिवसभर पडदे ओढीत बसतात. दारामागे पाच-सहा फुटांची एक आडवी भिंत घातली तर पडद्याचे काम नकाशाच करतो. तसेच संडासाचे. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. बैठक दक्षिण-उत्तर ठेवावयाची हे पाइप टाकण्याआधी मिस्त्रीला सांगितले तर फुकट होते. फरशी झाल्यावर सांगितले तर फोडाफोड.

संगमरवर किती आणि कोठे

आता पैशाकडे वळू. जुना घाट म्हणजे महाग, हा समज आपल्याकडे पक्का आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबरा आहे. औरंगजेबाच्या बेगम दिलरस बानू यांची ही कबर १६६० च्या सुमारास बांधली गेली. लोक तिला ताजची गरीब नक्कल म्हणून हिणवितात. आम्ही मात्र कारागिरांना सांगू की तेथे जाऊन भिंतीला हात लावून पाहा. खाली कमरेपर्यंतच्या पट्टीला संगमरवर आहे, वर घुमटाला संगमरवर आहे. मधले सारे बांधकाम काळ्या दगडाचे, आणि त्यावर चुन्याचा गिलावा, इतका घोटलेला की लांबून फरक कळू नये. जेथे माणसाचा हात लागतो आणि जेथे दुरून नजर जाते, तेथे महाग माल. बाकी ठिकाणी हुन्नर. या इमारतीचा खर्च गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'त ६,६८,२०३ रुपये ७ आणे नोंदलेला आहे. आण्यापर्यंत हिशेब ठेवणारे लोक होते ते. आणि मुख्य दरवाज्यावर वास्तुशिल्पी अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे कोरलेली आहेत.

या हिशेबात आपल्या धंद्याचे मर्म आहे. संगमरवराच्या फरशीवर खर्च झालेल्या पैशाचा मोठा भाग खाणीला, ट्रकला आणि दुकानाला जातो. बसविणाऱ्याच्या हाती थोडा पडतो. चुन्याच्या गिलाव्यात माल स्वस्त असतो आणि पैसा मजुरीत, म्हणजे हातात राहतो. पण तो गिलावा येणारे हात आज कमी आहेत. कळीचा चुना भिजवून निदान काही आठवडे मुरवावा लागतो, वाळूबरोबर घाणीत मळावा लागतो, कोणी त्यात गूळ घालतो, कोणी बेलफळ किंवा हिरड्याचे पाणी. शेवटचा पातळ हात देऊन घोटाई करावयाची. जयपूरकडे ती अकीकाच्या दगडाने करतात. घाईच्या मालकाचे हे काम नव्हे. सिमेंटचा गिलावा लवकर होतो, हे खरे. पण जांभ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट चढविले की आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे धरतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. रंगही त्यावर चुन्याचाच द्यावा. वरून प्लास्टिक पेंट मारला तर सगळी मेहनत वाया.

जाळीचेही असेच. आज संगणकाच्या यंत्रावर एमडीएफच्या फळीतून हवी ती जाळी एका दिवसात कापून मिळते. ती वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. कोरड्या खोलीत, कपाटाच्या दाराला, पाहुण्यांच्या बैठकीमागे ती बरी दिसते आणि स्वस्त पडते. पण खिडकीला आणि न्हाणीघराजवळ लावली तर कोकणच्या दमट हवेत फुगते, कडा उकलतात. मिसरी मश्रबिया खरादावर कातलेल्या लहान लहान तुकड्यांची असते. तुकडे एकमेकांत खुंटीसारखे बसतात, खिळा नाही, सरस नाही, त्यामुळे लाकूड आकसले-फुगले तरी तडा जात नाही. त्यातही अक्कल अशी की नजरेच्या पातळीवर तुकडे दाट, म्हणजे ऊन डोळ्यांवर येऊ नये आणि आतले बाहेर दिसू नये. वरच्या भागात विरळ, म्हणजे वारा यावा. ज्या खरादी बंधूंची खेळणी आणि पलंगाचे पाय यांची मागणी घटली आहे त्यांनी या कामाचा एक दोन फुटी नमुना करून नकाशाकारांच्या कचेरीत ठेवून पाहावा. माहितीपत्रक छापण्यापेक्षा हा खर्च कमी.

आतली सोय

नव्या सोयींचे आणि जुन्या भिंतींचे भांडण बहुधा तारा आणि नळ यांवरून होते. आधी भिंती, मग इलेक्ट्रिकवाला छिन्नी घेऊन येतो आणि जांभ्यात चर मारतो. चिरा खिळखिळा होतो. तेव्हा दिव्याचे, पंख्याचे, एसीचे, इंटरनेटचे सर्व पॉइंट भिंत चढण्यापूर्वी कागदावर ठरवावेत. तारा लाकडी पट्टीमागून किंवा तुळईच्या वरून न्याव्यात. न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघर यांचे पाणी एकाच बाजूला, एकाच उभ्या वाटेने उतरवावे आणि ती बाजू विटांची, वेगळी ठेवावी, म्हणजे उद्या नळ गळाला तर चिऱ्याला हात लावावा लागत नाही. एसी एखाद्या झोपण्याच्या खोलीपुरता. चौकाकडे तोंड असलेल्या दालनाला तो लावणे म्हणजे परसूला पंखा घालणे. आणि बांधकाम चिऱ्याचे असले तरी जोत्याला आणि दाराखिडक्यांवरून आरसीसीचा पट्टा सर्व घराभोवती फिरवावा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारे लोक अजून आहेत. जुन्या घाटाच्या नादात ही नवी विद्या सोडू नये.

एक शब्द व्यवहाराविषयी. अशा कामात भांडणे रेडीमेड कामापेक्षा जास्त होतात, कारण हातकामाचा दर्जा शब्दांत बसत नाही. "एक नंबर काम करून देतो," याचा अर्थ मालकाच्या मनात वेगळा आणि मिस्त्रीच्या मनात वेगळा. आम्ही स्वतः एका दुकानाच्या लाकडी दर्शनी कामात असे फसलो आहोत. नमुना न पाहता उचल दिली, आणि जे आले ते परतही करता येईना. चूक निम्मी आमचीच होती. तेव्हा आधी चार चौरस फुटांचा गिलावा किंवा जाळीचा एक तुकडा करावा, मालकाने पसंत करून त्यावर तारीख घालावी, आणि तो काम संपेपर्यंत जागेवर ठेवावा. दर ब्रासवर, चौरस फुटावर की नगावर, उचल किती, कोणत्या टप्प्याला किती, पावसाने खाडे झाले तर काय, हे एका कागदावर दोघांच्या सहीने असावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपण जुम्याला ऐकतो आणि शनिवारी कामाच्या जागी विसरतो.

आमच्या स्नेह्यांच्या घराचे काय झाले, ते सांगून टाकतो. तीन बैठका झाल्या. जुन्या घराचे छप्पर कुजले होते, पण भिंतींचे चिरे शाबूत निघाले. जांभा हवेवर कठीण होत जातो, तेव्हा ते सारे नव्या भिंतीत परत वापरावयाचे ठरले. चार खांब गेले. त्या जागी पूर्ण रुंदीची ओटी, सागाचे दहा खांब, आणि या खांबांवर छपराचा भार आहे. भाभींनी दोन गोष्टींवर हट्ट धरला, ओटे उभे राहून काम करण्याच्या उंचीचे आणि स्वयंपाकघराला थेट परसूत उघडणारे दार. दोन्ही मान्य झाल्या. मॉड्युलर किचन आहेच, फक्त पाण्याच्या बाजूची कपाटे प्लायवूडऐवजी कडप्प्याच्या खणांची. चिरंजीवांचा काचेचा कठडा राहिला. आम्हाला तो आवडलेला नाही, पण जिना त्यांना चढावयाचा आहे.

चाचांनी गावातली दोन पोरे हाताखाली घेतली आहेत, एक त्यांचा नातू आणि एक शेजारच्या वाडीतला. मजुरी तिघांची वेगळी ठरली आहे आणि कागदावर आहे. घरामागे खड्डा खणून चुना भिजत घातला आहे. गिलाव्याला हात पावसाळा संपल्यावर लागेल.